संसाराची शाळा

लग्नसोहळ्याची तयारी आपल्याकडे कित्येक महिने चालते. संसाराची तयारी मात्र एकदोन दिवसांत उरकते. विवाहपूर्व प्रशिक्षणवर्गाचा दाखला धर्मगुरूंच्या हाती दिला की कर्तव्य संपले, असे आईवडिलांनाही वाटते. हे वर्ग आले कोठून आणि त्यांनी कुटुंबांना काय दिले, हे इतिहासालाच विचारावे, असे आम्हांस वाटते.

२३ जुलै १९३९ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी एका क्रीडांगणावर १०५ जोडप्यांचे विवाह एकाच वेळी लागले. आर्थिक मंदीचे चटके सोसलेली ही कामगार मुले-मुली. तरुण ख्रिस्ती कामगार चळवळीने त्यांना आधी एकत्र बसवून संसाराचे शिक्षण दिले होते. पुढे १९६२ साली बार्सिलोनात फादर गाब्रिएल काल्व्हो यांनी २८ विवाहित जोडप्यांसाठी पहिले ‘मॅरेज एन्काउंटर’ शिबिर घेतले. शिक्षण वेदीपाशी संपत नाही, हे त्यातून ठसले. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘फॅमिलिआरिस कॉन्सोर्शियो’ या प्रबोधनपत्रात विवाहाच्या तयारीचे तीन टप्पे सांगितले. त्यांतला पहिला टप्पा बालपणी, घरातच सुरू होतो.

पण अशा शिक्षणाने कुटुंबे खरोखर सावरतात काय? अमेरिकन सरकारने ‘बिल्डिंग स्ट्राँग फॅमिलीज’ या उपक्रमातून आठ ठिकाणी हे पारखले. मूल झालेली वा होऊ घातलेली सुमारे ५,१०० अविवाहित जोडपी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. एका गटाला वर्ग दिले, दुसऱ्याला नाही. २०१२ साली तीन वर्षांनंतरचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : एकंदरीत पाहता, जोडपी एकत्र राहण्यात वा विवाह करण्यात फरक पडला नव्हता.

अपवाद ओक्लाहोमा शहराचा. तेथे वर्गाच्या गटातील ४९ टक्के मुले जन्मापासून दोन्ही पालकांसह राहत होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. तेथील जोडपी इतर ठिकाणांपेक्षा अधिक नेमाने वर्गाला येत आणि त्यांच्यासोबत विवाहित जोडपीही बसत. यश नेमके कशामुळे आले, हे ठामपणे सांगता येत नाही. तरी सातत्य आणि सोबत या दोन गोष्टी आमच्या मनात घर करून राहतात. मॉन्ट्रियलची मुलेही एकत्रच शिकली होती.

म्हणून वाचकांना आमची विनंती एवढीच : दाखला कपाटात ठेवा, पण वर्ग तेथे कोंडू नका. धर्मग्रामातील अनुभवी दांपत्यांनी नवविवाहितांचा उंबरठा वर्षभर ओलांडावा. आणि आपण आपसांत कसे बोलतो, हे घरातली मुले रोज ऐकत आहेत, याचे भान आपण आईबापांनी ठेवावे. त्यांच्या विवाहाचा पहिला वर्ग तोच आहे.