साथ, भूकंप आणि गावाची पूर्वसूचना

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा उद्भव झाला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. पुण्यात रँड यांच्या समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या. त्यातून उसळलेल्या असंतोषाचे पर्यवसान २२ जून रोजी रँड यांच्यावरील गोळीबारात झाले. हा इतिहास सर्वश्रुत आहे. तथापि त्याची एक बाजू उपेक्षित राहिली. घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडावे व रानात झोपड्या घालाव्यात, अशी रीत खेड्यापाड्यांतून पडली होती. उंदरांवरील पिसवांमुळे रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये दाखविले. लोकांचा अनुभव शास्त्राशी विसंगत नव्हता. परंतु शासनाने लोकांची झडती घेतली, त्यांची साक्ष घेतली नाही.

शतकाच्या अखेरीस मराठवाड्यात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसराला १९९२ च्या ऑक्टोबरातच भूकंपाचे धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोठा भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे कोसळून सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. पूर्वसूचना मिळूनही घरे होती तशीच राहिली होती. पुढे १९९४ च्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला येथे प्रथम उंदीर मेले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि त्यानंतर ग्रंथिक प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली, तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले. विश्वसनीय माहितीच्या अभावी भीती किती वेगाने पसरते, याचे ते उदाहरण होय.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणाची तरतूद केली व स्थानिक संस्थांवरही पूर्वतयारीची जबाबदारी सोपविली. या तरतुदीची खरी कसोटी जिल्ह्याच्या कचेरीत लागत नाही. ती परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावी लागते. मेलेला उंदीर, भिंतीला गेलेला तडा, विहिरीचे बिघडलेले पाणी या गोष्टी प्रथम गावकऱ्यालाच दिसतात. त्याने त्या कोणास सांगावयाच्या, त्यांची नोंद कोणी करावयाची आणि त्यावर किती दिवसांत कृती व्हावयाची, हे संकटापूर्वी ठरलेले असणे म्हणजेच पूर्वतयारी होय.