शस्त्रक्रियेच्या निर्णयातील रुग्णसहभाग

शस्त्रक्रिया करायची की नाही, कोणती आणि केव्हा, हे सर्जनने पर्याय व धोके समजावून रुग्णासोबत ठरवण्याची पद्धत. संमतिपत्रावरची सही हा तिचा फक्त पुरावा. खरा निर्णय त्याआधी ओपीडीतल्या बोलण्यातच व्हायला हवा. भारतात हा विषय मुख्यतः न्यायालयामुळे चर्चेत आला. समीरा कोहली खटल्यातील (सर्वोच्च न्यायालय, २००८) ४४ वर्षांच्या अविवाहित रुग्णाने १९९५ मध्ये दुर्बिणीच्या तपासणीला आणि गरज पडल्यास पोट उघडण्याला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर थांबलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले. जिवाला धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते, म्हणून आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा त्रास व खर्च वाचला, हा डॉक्टरांचा बचावही टिकला नाही. भरपाई मात्र अवघी २५,००० रुपये मिळाली. किती माहिती द्यायची, हे याच निकालाने डॉक्टरांच्या प्रचलित रीतीवर सोपवले. ब्रिटनने ती कसोटी २०१५ च्या माँटगोमेरी निकालात सोडली आणि रुग्णाला काय महत्त्वाचे वाटेल ते पाहिले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत संमती देणाऱ्यांच्या यादीत आधी पती किंवा पत्नी, मग अल्पवयीन रुग्णाचे पालक आणि शेवटी स्वतः रुग्ण येतो. हा क्रम उलटा हवा.

सर्जनचे ज्ञान जास्त, मग रुग्णाला विचारायचे कशाला, हा आक्षेप स्तनाच्या कर्करोगापाशी लंगडा पडतो. सुरुवातीच्या टप्प्यात फक्त गाठ काढून रेडिएशन दिले काय किंवा पूर्ण स्तन काढला काय, जगण्याचे प्रमाण सारखेच राहते, हे फिशर व व्हेरोनेसी या संशोधकांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यांत दिसले. उरतो तो प्रश्न रुग्णाच्या आयुष्याचा: रेडिएशनसाठी काही आठवडे रोज शहरात येणे जमेल का, स्तन राखणे तिला किती महत्त्वाचे वाटते. याचे उत्तर सर्जनकडे नसते. ‘वेळ कुठे आहे?’ ही तक्रार खरी असली तरी २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात निर्णयसाहाय्य साधने (रुग्णाला पर्याय समजावणारी पत्रके, व्हिडिओ) वापरल्यावर भेट साधारण अडीच मिनिटांनीच लांबली. ‘डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा’ असे अनेकजण म्हणतात. पर्याय ऐकून झाल्यावर असे म्हणणे हाही रुग्णाचाच निर्णय, ऐकण्याआधी मात्र नव्हे. खर्च व शुश्रूषा घरचेच करतात, त्यामुळे रुग्णाची हरकत नसेल तर त्यांनाही चर्चेत बसवावे. पण उत्तर रुग्णाकडूनच घ्यावे.

या सगळ्याला अपवाद तातडीच्या शस्त्रक्रियेचा: रुग्ण बेशुद्ध आणि जीव धोक्यात असल्यास संमतीसाठी थांबावे लागत नाही.