शिवणीचा विमानतळ : आपल्या शेजारचा विसरलेला इतिहास

स्मरणिकेसाठी परिसराचा इतिहास लिहायचे ठरले, तेव्हा बहुतेकांनी राजराजेश्वर मंदिर आणि असदगड किल्ल्याचे नाव घेतले. मी शिवणीचा विमानतळ निवडला. ऑटोवाल्याला पत्ता सांगताना आपण रोज त्याचे नाव घेतो, पण तो इथे आला कसा, हे आपल्या लेकरांना माहीत नाही.

हा विमानतळ १९४३ चा. अकोला तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि देशात ठिकठिकाणी धावपट्ट्या तयार होऊ लागल्या. लहान विमानाला सपाट माळरानही पुरते. पण आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या गवतावर विमान उतरवायचे म्हटले तर पावसाळ्याचे चार महिने विसराच! म्हणून वऱ्हाडात धावपट्टी म्हणजे आधी मुरूम आणि खडी, मग इमान.

युद्ध संपले. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली; दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरला जमत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. अकोल्याची भिस्त मात्र रेल्वेवरच राहिली. कापसाच्या गाठी, व्यापारी, विद्यार्थी सगळे गाडीनेच जात. धावपट्टीवर गवत वाढले.

१९६९ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे धावपट्टी वाढवायचा विषय निघाला, तेव्हा जागा लागणार होती ती विद्यापीठाचीच. एकीकडे विमान, दुसरीकडे बियाण्यांचे प्रयोग. यात कोणाचे चूक म्हणायचे? शेतकऱ्याच्या जिल्ह्यात हा प्रश्न सोपा नाही.

दरम्यान, अमरावतीचा बेलोरा विमानतळ १९९२ चा, म्हणजे शिवणीपेक्षा ४९ वर्षांनी लहान. त्याची धावपट्टी १,३७२ मीटरवरून १,८५० मीटर झाली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी तिथून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. धाकटा पुढे गेला. आपण बॅग घेऊन शंभरेक किलोमीटर अमरावतीला जातो.

हे फक्त हळहळीसाठी सांगत नाही. आपल्या अर्ध्या घरांतली मुले पुण्या-मुंबईला आहेत. आईवडील आजारी पडले की तासांचा हिशेब सुरू होतो. शिवाय विमानतळाच्या आसपास मजले चढवायचे तर उंचीसाठी प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. म्हणजे विमान येवो न येवो, धावपट्टी आपल्या गच्चीवर लक्ष ठेवून आहेच!

एक विनंती. आपल्यातल्या आजी-आजोबांकडे शिवणीच्या आठवणी, जुने फोटो असतील. ते सोसायटीच्या कार्यालयात आणून द्या. प्रती काढून मूळ फोटो परत करू. कागदावर धावपट्टीची लांबी-रुंदी मिळते, पण इमान पाहायला गाव कसा धावला, हे सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत.