ट्रामच्या आधी अलिबाग

इंदूर-धार रस्त्यावरच्या बेटम्यात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४५ हजार नॅनोटेस्ला भरते. तिथून जवळच, इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ यंत्रातली चुंबके इलेक्ट्रॉनांची वाट वळवण्यासाठी दीड टेस्लाचे क्षेत्र उभे करतात; म्हणजे तीस हजार पटींहून जास्त. एक टेस्ला म्हणजे शंभर कोटी नॅनोटेस्ला. हे नाव १९६०मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने मंजूर केले, आणि एककाचा इतिहास सहसा तिथूनच सांगतात. मला तो अपुरा वाटतो. नाव ठरावाने मिळते, पण आकड्यावरचा भरवसा पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिस्तीने ठेवलेल्या नोंदींतून येतो. त्याचा पुरावा आपल्याच कोकण किनाऱ्यावर आहे.

कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदी १८४१पासून सुरू झाल्या. २ सप्टेंबर १८५९च्या सौर वादळात तिथले आडवे क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरले. एकूण क्षेत्राच्या मानाने हे जेमतेम चार टक्के. पण एरवीचा रोजचा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचाच असतो. कोणी म्हणेल, तेव्हा नॅनोटेस्ला नव्हताच, मग हा आकडा आला कुठून? गाउसने १८३२मध्येच चुंबकीय बल लांबी, वस्तुमान आणि काळ यांच्या मापांत बसवले होते. म्हणून जुनी नोंद नव्या एककात निव्वळ गुणाकाराने उतरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: १,६०० ही क्षणिक घसरण, तासाची सरासरी काढली तर ती बरीच कमी भरते. हे मान्यच करायला हवे. पण ही सरासरी काढता येते, तीसुद्धा निरीक्षकांनी वादळ चालू असताना काही मिनिटांच्या अंतराने हाताने वाचने टिपली म्हणूनच.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला. तिच्या विजेच्या प्रवाहाने कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या, म्हणून मोजमाप दुसरीकडे हलवणे भाग होते. ट्रामचा परिणाम नंतर वजा करता आला नसता का? नाही, रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह गाड्यांच्या ये-जा करण्याबरोबर क्षणोक्षणी बदलतो, त्याला वजा करण्याजोगा ठरावीक आकडाच नसतो. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात अलिबागला, लोखंड कटाक्षाने टाळून, नवी वेधशाळा उभी राहिली. खरी दूरदृष्टी पुढच्या पावलात होती. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालले, म्हणून दोन जागांमधला फरक नेमका कळला आणि मालिका तुटली नाही. विजेची ट्राम १९०७मध्ये धावली. मूस यांनी १८४६ ते १९०५च्या नोंदी १९१०मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. २००३मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी १८५९च्या वादळाची तीव्रता ठरवली, ती कुलाब्याच्याच वाचनांवरून.