लिंकनवधानंतरचा शोध आणि पोटोमॅक नदीवरील आरमारी संदेश

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री साडेदहाच्या पुढेमागे वॉशिंग्टन येथील आरमारी गोदीलगतच्या पुलावर एक घोडेस्वार येऊन थांबला. रात्री नऊनंतर पुलावरून कोणास जाऊ न देण्याचा नियम असल्यामुळे पहाऱ्यावरील सार्जंट सायलस कॉब याने त्याला नाव विचारले. स्वाराने आपले खरे नाव सांगितले : बूथ. युद्ध संपत आले होते, नियम सैल झाले होते. कॉबने त्याला जाऊ दिले. थोड्याच वेळाने त्याच वाटेने दुसरा एक स्वार आला. तो डेव्हिड हेरोल्ड होता. त्याने मात्र खोटे नाव सांगितले. त्यालाही वाट मिळाली. फोर्ड नाट्यगृहात अध्यक्ष लिंकन यांच्या मस्तकात गोळी घालून जॉन विल्क्स बूथ बाहेर पडल्याला त्या वेळी जेमतेम अर्धा तास झाला असेल. पुलावर नाव पोचले, परंतु त्या नावाला अर्थ देणारी वार्ता पोचली नव्हती. म्हणूनच त्या रात्री खरे नाव आणि खोटे नाव यांची किंमत सारखीच ठरली.

या घटनेनंतरच्या बारा दिवसांच्या शोधाचा इतिहास बहुधा घोडदळाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु पळणाऱ्यांच्या वाटेत पोटोमॅक नदी आडवी होती, आणि नदीवरील पहारा आरमाराकडे होता. ह्या आरमारी पहाऱ्याला कोणते संदेश मिळाले, ते कशा स्वरूपाचे होते आणि त्यांचा उपयोग किती झाला, ह्या प्रश्नांचा विचार केला असता संदेशाचा वेग आणि संदेशाचा आशय ह्यांतील अंतर स्पष्टपणे दिसून येते.

प्रथम साधनांचा विचार करू. १८६१ पासून पोटोमॅक फ्लोटिला या नावाचे लहान गनबोटींचे एक दल ह्या नदीवर गस्त घालीत असे. १८६५ च्या एप्रिलमध्ये त्याचे आधिपत्य कमांडर फॉक्सहॉल पार्कर याच्याकडे असून मेरीलंडच्या दक्षिण टोकाजवळील सेंट इनिगोज येथे त्याचा तळ होता. मेरीलंडच्या किनाऱ्याने लष्करी तार पोर्ट टोबॅकोसारख्या गावांपर्यंत आली होती. परंतु तार किनाऱ्यावर संपते. बिनतारी यंत्र निघण्यास अजून तीस वर्षे अवकाश होता. किनाऱ्यावर उतरलेला मजकूर गस्तीच्या नौकेपर्यंत न्यावयाचा तर दुसरी नौका पाठवावी लागे. किंवा दिवसा निशाणांनी व रात्री दिव्यांनी खुणा कराव्या लागत, आणि त्या खुणा दृष्टीच्या टप्प्यातच उपयोगी पडत. मुखाशी दहा मैलांहून अधिक रुंद होणाऱ्या, असंख्य खाड्यांनी फाटलेल्या ह्या नदीवर तारेने काही मिनिटांत आलेल्या हुकमाला शेवटचा टप्पा वल्ह्यांच्या व वाफेच्या गतीनेच गाठावा लागे. त्या रात्री वॉशिंग्टनमधील व्यापारी तारा काही काळ बंद पडल्या होत्या, आणि त्यावरून पुढे बरेच तर्क लढविले गेले. पण युद्धखात्याच्या लष्करी तारा चालूच होत्या. तेव्हा नदीवर जी उणीव भासली तिचे कारण तुटलेल्या तारेत शोधण्यात अर्थ नाही.

आता संदेशांच्या भाषेकडे वळावे. नदीवरील दलाकडे गेलेल्या पहिल्या वार्तेत अध्यक्ष आणि परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांच्या वधाचा प्रयत्न झाला आहे, दोघांची प्रकृती चिंताजनक आहे, अधिक तपशील नाही, एवढाच मजकूर होता. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ह्या वाक्यांत क्रिया आहे, कर्म आहे, कर्ता नाही. दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिलला सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी लिंकन यांचे निधन झाले. त्यानंतर आरमारमंत्री गिडियन वेल्स यांच्याकडून जे हुकूम सुटले त्यांत कर्ता आला, परंतु विशेषनामाच्या रूपाने : मारेकरी बूथ आहे. नदीतून खाली जाणारी सर्व जहाजे तपासावीत, संशयित माणसे अटकावून ठेवावीत, कोणतीही होडी व्हर्जिनियाच्या तीराला लागू देऊ नये, असे ते हुकूम होते. आरमारी गोदीच्या प्रमुखासही एक हुकूम गेला : लष्कराने आरोपीला पकडून गोदीत आणल्यास त्याला मॉनिटर जातीच्या चिलखती नौकेवर ठेवावे, ती नौका प्रवाहात नांगरावी आणि त्याने स्वतःस इजा करून घेऊ नये एवढा कडक पहारा ठेवावा. म्हणजे कैदी सापडण्याच्या कितीतरी आधी तुरुंगाचा बारकाईने विचार झाला होता.

ह्या हुकमांतील 'सर्व', 'कोणतीही', 'संशयित' ही पदे ध्यानात घेण्यासारखी आहेत. हुकूम देणाऱ्याची निकड त्यांतून व्यक्त होते. पण रात्रीच्या अंधारात होडी थांबविणाऱ्या खलाशाला ती काहीच सांगत नाहीत. त्याला नाव नको होते, खूण हवी होती. खुणेचा शब्द अस्तित्वात होता आणि तो एकच होता : लंगडा. बूथच्या डाव्या पायाचे हाड मोडले होते. १५ एप्रिलच्या पहाटे डॉ. सॅम्युएल मड याने ते बांधले, आणि त्याच्याच घरून कुबड्या घेऊन बूथ पुढे गेला. परंतु २० एप्रिलला युद्धखात्याने एकूण एक लाख डॉलरांचे बक्षीस लावून जे जाहीरपत्रक काढले, त्यात बूथची उंची, केस, डोळे व दाट काळ्या मिशा यांचे वर्णन आहे. पायाचा उल्लेख नाही. मिशा तर मडच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या घरीच उतरविल्या गेल्या होत्या. जे विशेषण खरे होते ते पत्रकात नव्हते, आणि जे होते ते खरे राहिले नव्हते.

मडच्या घरची हकीकत वेल्स यांच्या तारेने पार्करकडे धाडली गेली ती २२ एप्रिलला. गेल्या शनिवारी बूथ ब्रायनटाउनजवळ होता, तेथे डॉ. मडने त्याचा घोटा बसविला, तेव्हा पोटोमॅक व पटक्सेंट ह्या दोन्ही नद्यांवर कमालीची दक्षता बाळगून प्रत्येक होडी तपासावी, असा तिचा आशय होता. नदीवरील पहाऱ्याच्या दृष्टीने हा पहिला खरा उपयुक्त संदेश म्हणता येईल. मात्र त्यातील वृत्त सात दिवसांचे जुने होते.

ह्या सात दिवसांत नदीच्या काठावर काय घडत होते, ते कोणत्याही तारेत सापडत नाही. १६ एप्रिलपासून बूथ आणि हेरोल्ड पाइनच्या दाट झाडीत लपून होते, आणि त्यांना अन्न व वर्तमानपत्रे पोचविण्याचे काम टॉमस जोन्स हा मनुष्य करीत होता. युद्धकाळात दक्षिणेचे गुप्त टपाल नदीपार करणारा मेरीलंडच्या बाजूचा हा मुख्य हस्तक. गनबोटींच्या डोळ्यांदेखत नदी कशी ओलांडावी, ह्याचे ज्ञान त्याच्याइतके क्वचितच कोणाला असेल. सूर्यास्ताच्या आधी मेरीलंडकडील उंच दरडींची छाया पाण्यावर पसरली की लहान होडी पलीकडच्या पहाऱ्याला दिसत नाही, हे त्याने अनुभवाने हेरले होते. ह्या वेळी त्याने आपली होडी लपविलीही नाही. त्याचा पूर्वीचा गुलाम हेन्री वुडलँड याने रोज तीच होडी घेऊन मासेमारी करावी आणि ठरलेल्या जागी ती आणून ठेवावी, अशी व्यवस्था त्याने केली. रोज दिसणारी होडी संशयित ठरत नाही. 'संशयित' ह्या पदाचा अर्थ हुकूम देणाऱ्यापेक्षा तो चुकविणाऱ्याला अधिक नेमका कळला होता.

२० एप्रिलच्या संध्याकाळी जोन्स ॲलन्स फ्रेश ह्या गावी दुकानात बसला असता घोडदळाची एक तुकडी तेथे आली. पळालेले लोक सेंट मेरीज परगण्यात दिसल्याची वार्ता आली आणि तुकडी घाईने तिकडे निघून गेली. वार्ता खोटी होती. जोन्सने ती ऐकली, तो उठला, झाडीकडे गेला आणि त्याच रात्री त्याने दोघांना नदीवर आणून होडीत बसविले. किनाऱ्यावरील पहारा चुकीच्या संदेशाने दूर केला होता. बूथकडून त्याने होडीच्या किमतीपुरतेच पैसे घेतले. बक्षिसाचे आमिष त्याने ऐकले होते आणि तो गप्प राहिला होता. त्याची आठवणींची पुस्तिका १८९३ साली प्रसिद्ध झाली, आणि ह्या मौनाचा वृत्तान्त तीत आहे.

पहिल्या रात्री मात्र होडी व्हर्जिनियाला लागली नाही. गस्तीच्या नौका आणि भरतीचा ओढ ह्यांमुळे ती वर ढकलली गेली आणि मेरीलंडच्याच नॅन्जेमॉय खाडीत शिरली. त्या अर्थी गनबोटींचा पहारा अगदीच निष्फळ म्हणता येणार नाही. त्याने दोन दिवस मिळवून दिले. परंतु ते दोन दिवस वापरण्यासाठी जी बातमी हवी होती ती हाती नव्हती. २२ एप्रिलच्या रात्री होडी पुन्हा निघाली आणि २३ च्या सकाळी दोघे व्हर्जिनियाच्या तीरावर उतरले. वेल्स यांची दक्षतेची तार निघाली होती ती त्याच २२ तारखेला.

ह्या उशिराची किंमत केवळ कागदावर राहिली नाही. बूथला नदीपार जाऊ न देण्यासाठी ज्या अनेक नौका पहाऱ्यावर ठेवल्या होत्या, त्यांत अलेक्झांड्रियाहून आलेली ब्लॅक डायमंड ही वाफेवर चालणारी लहान नौका होती. २३ एप्रिलच्या रात्री, बूथ पलीकडे उतरून पुरता दिवस उलटल्यावर, ती ब्लॅकिस्टोन बेटाजवळ नांगरून उभी होती. सैनिकांनी भरलेली मॅसॅच्युसेट्स ही आगबोट अंधारात तिच्यावर आदळली. सुमारे ८७ माणसे बुडाली. त्यांत शत्रूच्या कैदेतून नुकतेच सुटलेले शिपाई होते. ब्लॅक डायमंडवरील अलेक्झांड्रियाचे अग्निशामक दलातील पहारेकरीही होते. जो मनुष्य त्या पाण्यावर नव्हता, त्याच्यासाठी ठेवलेल्या पहाऱ्यात हे बळी गेले. शोधाच्या प्रचलित वृत्तान्तांत ह्या दुर्घटनेला फार थोडी जागा मिळते.

पुढच्याच दिवशी, २४ एप्रिलला, पोर्ट टोबॅकोहून सॅम्युएल बेकविथ या लष्करी तारायंत्र्याने युद्धखात्याकडे एक तार पाठविली. मेजर जेम्स ओबर्न याच्या तपासातून निघालेली ती बातमी अशी की, दोन माणसे १६ एप्रिलला होडीने व्हर्जिनियात उतरली. ह्या तारेवरून सोळाव्या न्यूयॉर्क घोडदळाची एक तुकडी त्याच संध्याकाळी जॉन एस्. आइड ह्या आगबोटीने बेल प्लेन येथे रवाना झाली. तारेचा परिणाम अचूक झाला, पण तारेतील वृत्त चुकीचे होते. १६ तारखेला नदी ओलांडणारी ती दोन माणसे दक्षिणेचे दुसरेच हस्तक होते. बूथ आणि हेरोल्ड त्या दिवशी झाडीत पडून होते. एका खोट्या वार्तेने २० तारखेला नदीची वाट मोकळी केली होती. दुसऱ्या चुकीच्या वार्तेने २४ तारखेला पाठलाग योग्य जागी आणून सोडला.

तेथून पुढचे काम तारेने झाले नाही. रॅपाहॅनक नदीवरील पोर्ट कॉनवे येथे विल्यम रॉलिन्स ह्या कोळ्याने तुकडीला सांगितले की, एक लंगडा मनुष्य आपल्या सोबत्यासह पलीकडे उतरला आहे, आणि त्यांच्याबरोबर कोण होते तेही सांगितले. आरमारी हुकमांत एक आठवडा जो शब्द नव्हता तो येथे एका कोळ्याच्या तोंडी आला. २६ एप्रिलच्या पहाटे गॅरेटच्या शेतावरील तंबाखूच्या कोठारात बूथला गोळी लागली आणि सकाळी त्याने प्राण सोडला. त्याच दिवशी लिंकनवधाची पहिली वार्ता लंडनला पोचली. अटलांटिक तळातील तार १८६६ पर्यंत कायमची चालू झालेली नव्हती.

बूथचा देह आगबोटीने आरमारी गोदीत आणून माँटॉक ह्या मॉनिटरवर ठेवण्यात आला. २७ एप्रिलला युद्धमंत्री स्टँटन व आरमारमंत्री वेल्स यांनी संयुक्त हुकूम काढून नौकेवर कोणी जावे त्यांची नावे एकेक करून लिहिली, आणि तपासणीनंतर देह पेटीत घालून कोणाच्या स्वाधीन करावा तेही ठरविले. १५ तारखेच्या हुकमांत 'सर्व' व 'कोणतीही' ही पदे होती. ह्या हुकमात विशेषनामांखेरीज दुसरे जवळजवळ काही नाही. अनिश्चिततेची भाषा आणि निश्चिततेची भाषा ह्यांतील भेद ह्याहून स्पष्टपणे क्वचितच आढळेल. परंतु निश्चितता आली तेव्हा शोध संपला होता.

यादवी युद्धातील आरमारी कागदपत्रांचे अधिकृत खंड १८९४ पासून प्रसिद्ध झाले, आणि पोटोमॅकवरील तारा व हुकूम त्यांत तारीखवार मिळतात. असे संग्रह वाचताना प्रत्येक तार निघाल्याबरोबर पोचली आणि पोचल्याबरोबर उमगली, असा भास सहज होतो. विद्यार्थ्याने अशा प्रत्येक तारेसंबंधी तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. ती कोणत्या वेळी निघाली. ज्याला कृती करावयाची त्याच्या हाती ती केव्हा पडली. आणि त्याला ओळखीची कोणती खूण तिने दिली. पोटोमॅकच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर छापील खंडांत आहे. उरलेल्या दोहोंसाठी त्या खंडांशेजारी जोन्सची पुस्तिका, रॉलिन्ससारख्यांच्या जबान्या आणि ब्लॅक डायमंडवरील मृतांची नोंद ठेवूनच वाचन करावे लागेल.