सातशे एमबीत बसवलेलं लग्न

परवा मावशीचा फोन आला. "अरे, दादाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आई उखाणा घेते बघ, तेवढा तुकडा पाठव ना. फाईल छोटी कर हं, इकडे रेंज नसते."

दादा म्हणजे माझा मामा, लग्न १९९४चं. आई म्हणजे माझी आजी. ती आता नाही. फाईल उघडली आणि पोटात खड्डा पडला. अक्षता पडायला लागल्या की सगळा मांडव चौकोन-चौकोन होतो. आजीच्या चेहऱ्याच्या जागी नुसते गव्हाळ रंगाचे ठोकळे!

या पापाचे धनी अस्मादिकच. पण गुन्ह्याची मुळं थोडी मागे जातात, तेव्हा आधी जरा इतिहास.

चित्राचे हे चौकोन येतात कुठून? १९७४ साली बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव यांनी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मवर एक निबंध छापला. चित्राचे ८×८ पिक्सेलचे तुकडे करायचे आणि त्यातले डोळ्यांना फारसे न जाणवणारे बारकावे टाकून द्यायचे, हे पुढे त्यातूनच आलं. एमपेग-१ त्यावरच उभं राहिलं आणि १९९३ साली व्हीसीडी आली.

व्हीसीडीत व्हिडिओला सेकंदाला ११५० किलोबिट, आवाजाला २२४. हे आकडे काही चित्राकडे बघून ठरले नव्हते! सीडी साध्या वेगाने फिरताना सेकंदाला ७५ सेक्टर वाचते, त्यात जेवढं मावेल तेवढं चित्राला मिळालं. डिस्कवर ७४ मिनिटं. म्हणून तर आपण ऐन रंगात आलेला पिक्चर थांबवून दुसरी डिस्क घालायला उठायचो.

मग १९९९च्या सुमारास जेरोम रोता नावाच्या फ्रेंच माणसाने मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ कोडेकमध्ये फेरफार करून डिव्हएक्स बाहेर सोडला, आणि अख्खा सिनेमा एका ७०० एमबीच्या सीडीत बसू लागला. आमच्यासारख्यांना हर्षवायूच झाला राव!

तर २००३ साली अस्मादिकांनी मामाची तीन तासांची व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. हट्ट एकच, एका सीडीत बसली पाहिजे. गणित सोपं: ७०० एमबीचे बिट काढा, १०८०० सेकंदांनी भागा. उत्तर साधारण ५४४ केबीपीएस. त्यातले १२८ आवाजाला, उरले ४१६. डिव्हएक्स व्हीसीडीपेक्षा कितीही हुशार असला तरी हे तिच्या जेमतेम एक तृतीयांश!

बरं, पहिल्या प्रयत्नात चित्र खराब आलं, तर मी केलं काय? रिझोल्यूशन बदलून पाहिलं. फाईल तेवढीच! दोन रात्री डोकं आपटलं. मग ट्यूब पेटली, की फाईलचा आकार म्हणजे बिटरेट गुणिले वेळ. त्या गुणाकारात रिझोल्यूशन कुठे आहेच नाही. बिटरेट ठरवून दिला की रिझोल्यूशनने फक्त वाटणी बदलते. ७२०×५७६ ऐवजी ३५२×२८८ घेतलं असतं, तर तेवढ्याच बिटमध्ये प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला चौपट आलं असतं. चित्र लहान दिसलं असतं, पण आजी दिसली असती. मला मात्र मोठंच चित्र हवं होतं.

दुसरी चूक आळसाची. मी एकाच पासमध्ये, ठरलेल्या बिटरेटने एनकोड लावलं आणि झोपलो. टू-पासमध्ये कोडेक आधी सगळा व्हिडिओ वाचतो आणि मग खर्चाचा अंदाज घेऊन बिट वाटतो. गुरुजींचे अर्धा-अर्धा तास न हलणारे विधी स्वस्तात उरकले असते आणि वाचलेले बिट अक्षतांना मिळाले असते. कोडेक मागच्या फ्रेमशी तुलना करून बिट वाचवतो. हजार तांदूळ हजार दिशांनी उडत असताना तो तुलना कशाशी करणार? त्यात जुन्या कॅसेटवरच्या मुंग्या. त्या मुंग्यांनाही बिट लागतात, आणि माझ्या फाईलमध्ये त्या आजीच्या तोंडचा घास खात होत्या.

आज हे प्रश्न उलटे झालेत. एक्स२६४मध्ये सीआरएफ आला, म्हणजे आपण दर्जा सांगायचा (आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं), आकार जो येईल तो. लोक विचारतात, 'दोन्ही व्हिडिओ दहा मिनिटांचे, सेटिंग तेच, मग एक फाईल तिप्पट कशी?' उत्तर तेच, एकात अक्षता पडतायत, दुसऱ्यात गुरुजी बसलेत.

मग मूळ कॅसेटवरून पुन्हा का नाही करत? सीडी झाली म्हणून ती माळ्यावर टाकली होती. दोन पावसाळ्यांत बुरशी लागली आणि गेली. सातशे एमबीची मर्यादा संपून जमाना झाला, ठोकळे मात्र कायमचे.

मावशीसाठी तुकडा कापला, पुन्हा एनकोड न करता, आहे तसाच. उगाच आणखी बिट कशाला घालवा. रात्री तिचा निरोप आला. "चित्र काही कळत नाही रे. पण आवाज अगदी आईचा. चारदा ऐकला."

आवाजाच्या १२८मध्ये तेवढी कंजुषी केली नव्हती, एवढंच पुण्य. असो. तुमच्या घरी माळ्यावर कॅसेट असेल तर या शनिवारी खाली काढा, आणि सीडीत बसवायच्या भानगडीत पडू नका.