छायाचित्रावर हक्क कोणाचा?

छायाचित्र एकच असतें. परंतु तें निर्माण होण्यास निदान दोन आणि पुष्कळदां तीन माणसें लागतात. एक तें काढणारा, दुसरा पैसे देऊन काढविणारा आणि तिसरा कॅमेऱ्यासमोर बसून आपला चेहरा देणारा. कुंचल्याच्या काळीं यावरून फारसा तंटा होत नसे. चित्र एकच, तें ज्याच्या भिंतीवर टांगलें त्याचें, हा हिशेब बहुधा पुरे. पुढें एका निगेटिव्हपासून हव्या तितक्या प्रती निघूं लागल्या, त्या बाजारांत विकल्या जाऊं लागल्या, आणि या तिघांतला धनी कोण हा प्रश्न न्यायालयाच्या पायऱ्या चढला. पहिल्या दोघांचे दावे तेथें लवकर ऐकले गेले. तिसऱ्याला मात्र पुष्कळ दिवस दाराबाहेरच बसावें लागलें.

इंग्लंडांत १८६२ सालीं ललितकलांच्या स्वामित्वहक्काचा कायदा झाला आणि चित्रांच्या पंक्तीला छायाचित्रहि येऊन बसलें. कर्त्याच्या हयातीपर्यंत व त्यापुढें सात वर्षें हक्क कर्त्याचा. मात्र छायाचित्र दुसऱ्या कोणीं मोबदला देऊन करविलें असेल आणि फोटोग्राफरनें लेखी करारानें हक्क राखून ठेवला नसेल, तर तो करविणाराचा. म्हणजे एकाद्या गृहस्थानें पैसे मोजून घरच्या मंडळींचा फोटो काढविला तर हक्क त्या गृहस्थाचा. आणि फोटोग्राफरनें आपण होऊन एकाद्या नटीस बोलावून बसविलें तर हक्क फोटोग्राफरचा. नियम दिसावयास सरळ होता. पण ‘कर्ता’ कोणास म्हणावें, येथें तो अडला. १८८३ सालीं ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघाच्या एका छायाचित्राचा खटला इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढें आला. लंडनच्या एका फोटो-कंपनीच्या मालकांनीं स्वतःस कर्ते म्हणवून त्याची नोंद केली होती. भांडवल त्यांचें, दुकान त्यांचें. पण न्यायाधीशांनीं निर्णय दिला कीं, एवढ्यानें कोणी कर्ता ठरत नाहीं. ज्यानें माणसांची मांडणी केली, जागा ठरविली आणि चित्र घडवून आणलें, तो कर्ता. मांडणी ज्यांची झाली त्या खेळाडूंचा हक्क काय, हें कोणीं विचारलेंहि नाहीं.

याच सुमारास अमेरिकेंत याहून मोठा खटला उभा राहिला होता. न्यूयॉर्क शहरीं नेपोलियन सॅरोनी नांवाचा फोटोग्राफर होता. तो मूळचा शिळाछापाच्या धंद्यांतला. नामांकित नटनटींना पैसे देऊन बसवावें आणि त्यांच्या छायाचित्रांच्या प्रती विकून तो पैसा वसूल करावा, अशी त्याची रीत होती. १८८२ च्या जानेवारींत ऑस्कर वाइल्ड हा तरुण साहित्यिक व्याख्यानांच्या दौऱ्यासाठीं अमेरिकेंत उतरला. मखमली कोट, गुडघ्यापर्यंतची विजार आणि रेशमी मोजे अशा थाटांत सॅरोनीनें त्याचीं अनेक छायाचित्रें घेतलीं. त्यांतील अठराव्या क्रमांकाचें चित्र बरो-जाइल्स नांवाच्या शिळाछाप कंपनीनें परवानगीवांचून छापलें. ८५,००० प्रती निघाल्या. सॅरोनीनें दावा केला. कंपनीचा बचाव मोठा चतुर होता. अमेरिकेची राज्यघटना ‘लेखकां’च्या ‘लेखनां’ना संरक्षण देते, छायाचित्र हें लेखन नव्हे आणि त्याला लेखकहि नाहीं, सूर्याचा प्रकाश व रासायनिक द्रव्यें यांचें तें काम, असें कंपनीचें म्हणणें. ता. १७ मार्च १८८४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या वतीनें न्यायमूर्ति मिलर यांनीं तें फेटाळलें. बैठक सॅरोनीनें ठरविली, पोषाख व पडदे त्यानें निवडले, छायाप्रकाशाची योजना त्याची. तेव्हां चित्र त्याच्या बुद्धीची निर्मिति होय, असा निकाल झाला. सॅरोनीला खालच्या न्यायालयानें दिलेले ६१० डॉलर कायम राहिले. साध्या यांत्रिक छायाचित्राचें काय, हें न्यायालयानें मोकळेंच ठेवलें.

वाइल्ड या खटल्यांत वादी नव्हता आणि प्रतिवादीहि नव्हता. चेहरा त्याचा, ऐट त्याची, चित्राला गिऱ्हाईक मिळालें तें त्याच्या नांवावर. पण कायद्याच्या लेखीं तो सॅरोनीनें मांडलेल्या देखाव्याचा एक भाग होता! छायाचित्रण ही कला ठरावी यासाठीं समोरच्या माणसाला मातीचा गोळा समजणें न्यायालयाला सोयीचें झालें, असें म्हटल्यास फारसें चूक होणार नाहीं.

समोरच्या माणसाच्या बाजूनें पहिला महत्त्वाचा निकाल १८८८ सालीं इंग्लंडांत लागला. पोलार्ड नांवाच्या एका बाईंनीं पैसे देऊन आपला फोटो काढविला. फोटोग्राफरनें त्यालाच नाताळच्या शुभेच्छापत्राचें रूप देऊन तो आपल्या दुकानांत मांडला. न्यायमूर्ति नॉर्थ यांनीं त्याला मनाई केली. घेतलेल्या पैशाच्या बदल्यांत गिऱ्हाइकाला प्रती द्यावयाच्या, एवढाच अध्याहृत करार होता. अधिक प्रती काढून मिरविणें हा करारभंग आणि विश्वासभंगहि होय, असें त्यांनीं ठरविलें. निकाल न्यायाचा खरा. पण तो उभा होता करारावर. ज्याचा फोटोग्राफरशीं करारच नाहीं त्याचें काय?

हा प्रश्न न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर गांवच्या अॅबिगेल रॉबरसन नांवाच्या अल्पवयी मुलीमुळें पुढें आला. फ्रँकलिन मिल्स या पिठाच्या गिरणीनें तिच्या छायाचित्रावरून २५,००० जाहिराती छापविल्या आणि त्या दुकानांतून, वखारींतून, दारूच्या गुत्त्यांतूनसुद्धां लावल्या. इंग्रजींत ‘फूल’ आणि ‘पीठ’ या दोन शब्दांचा उच्चार सारखा. त्यावर कोटी करून चित्राजवळ ‘कुटुंबाचें पीठ’ अशा अर्थाचे शब्द घातले होते. ओळखीचीं माणसें थट्टा करूं लागलीं. मुलीला अंथरूण धरावें लागलें, असें फिर्यादींत नमूद आहे. तिनें १५,००० डॉलर नुकसानभरपाई मागितली. खालच्या न्यायालयांनीं तिची बाजू घेतली. परंतु १९०२ सालीं संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं ती उचलून टाकली. मुख्य न्यायाधीश आल्टन पार्कर यांचें म्हणणें असें कीं, अशा हक्काला पूर्वींचा आधार नाहीं आणि तो मान्य केल्यास खटल्यांना अंत राहणार नाहीं. कायदेमंडळाला वाटल्यास त्यानें कायदा करावा. चित्र हुबेहूब आहे, दुसऱ्या कोणाला यांत आपल्या रूपाचा गौरवहि वाटला असता, असेंहि निकालपत्रांत आलें. गुत्त्याच्या भिंतीवर लागलेल्या मुलीला हें समाधान पुरावें अशी अपेक्षा होती कीं काय, न कळे.

वृत्तपत्रांनीं एकच गदारोळ केला. बहुमतांतील एका न्यायाधीशांना कायद्याच्या नियतकालिकांत लेख लिहून निकालाचें समर्थन करावें लागलें. पुढल्याच वर्षीं, १९०३ सालीं, न्यूयॉर्कच्या कायदेमंडळानें नियम केला: जिवंत व्यक्तीचें नांव किंवा चित्र तिच्या लेखी संमतीवांचून जाहिरातीसाठीं अथवा व्यापारासाठीं वापरणें गुन्हा होय, आणि त्या व्यक्तीला मनाईहुकूम व भरपाई मागतां येईल. खटला हरलेल्या मुलीनें कायदा मिळवून दिला तो असा. पुढें १९०४ सालीं हेच पार्कर अध्यक्षपदासाठीं उभे राहिले आणि फोटोग्राफर आपल्याला व घरच्यांना सतावतात अशी तक्रार करूं लागले. तेव्हां कुमारी रॉबरसननें वृत्तपत्रांत पत्र लिहून त्यांना त्यांच्याच निकालाची आठवण करून दिली!

जर्मनीला हीच वाट बिस्मार्कच्या मृत्युशय्येवरून सांपडली. ३० जुलै १८९८ रोजीं तो वारला. त्या रात्रीं दोन फोटोग्राफर घरांत शिरले आणि त्यांनीं प्रेताचें छायाचित्र घेतलें. न्यायालयाला १८९९ सालीं त्यांच्या घरांत घुसण्याचाच आधार घेऊन मनाई करावी लागली, कारण चेहऱ्याच्या हक्काचा कायदाच नव्हता. तो १९०७ सालीं झाला. चित्रांतल्या व्यक्तीची संमति पाहिजे, मृत्यूनंतर दहा वर्षें जवळच्या नातलगांची. मात्र बसण्याबद्दल मोबदला घेतला असेल तर, शंका असल्यास, संमति दिली असें समजावें. पोटासाठीं कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या ‘मॉडेल’ मंडळींना हें शेवटचें कलम फार जवळचें आहे. पैसा हातीं पडला कीं संमति दिली असें धरलें जातें. ती कोणत्या कामापुरती, हें आधीं कागदावर आलेलें बरें.

मॉडेलची स्थिति स्वामित्वहक्काच्या खटल्यांत किती चमत्कारिक असते, हें अमेरिकेंतच १९१४ सालीं दिसलें. एका फोटोग्राफरनें एका तरुणीला बसवून चित्र काढलें आणि त्याचे हक्क विकून टाकले. दोन वर्षांनीं त्यानें त्याच तरुणीला त्याच बैठकींत बसवून दुसरें चित्र घेतलें. या वेळीं तिच्या मुखावर हास्य आणि दांतांत चेरीचा देंठ, एवढाच मुख्य फरक. न्यायालयानें दुसरें चित्र पहिल्याची नक्कल ठरविलें. फोटोग्राफरला स्वतःचीच नक्कल करण्याची बंदी झाली. आणि जिची बैठक विकली गेली होती, ती तरुणी या तंट्यांत कोणाच्याच बाजूची नव्हती.

आपल्याकडे इंग्लंडचा १९११ चा कायदा १९१४ सालीं लागू झाला आणि काढविणाराच्या हक्काचा नियम त्याबरोबर आला. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्यांतहि तो राहिला: कर्ता छायाचित्र काढणाराच, पण मोबदला देऊन काढविलें असल्यास, विरुद्ध करार नसेल तर, पहिला मालक काढविणारा. इंग्लंडनें १९८८ च्या कायद्यानें हा नियम सोडून हक्क फोटोग्राफरला दिला. चेहऱ्याचा हक्क भारतीय कायद्यांत शब्दानें नव्हता. तो १९९४ सालीं राजगोपाल खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ओळखला. संमतीवांचून एकाद्याचें नांव वा प्रतिमा जाहिरातींत वापरणें हा त्याच्या खासगीपणाचा भंग होय, असें त्यांत म्हटलें आहे.

दोन्ही हक्क एकाच फलकावर आले ते २०१२ सालीं दिल्ली उच्च न्यायालयापुढें. तनिष्क दागिन्यांच्या जाहिरातीसाठीं टायटन कंपनीनें अमिताभ व जया बच्चन यांचें छायाचित्र काढविलें होतें. एका सराफानें तें आपल्या दुकानाच्या जाहिरातीच्या फलकावर लावलें. न्यायालयानें सराफाला दोन्ही अंगांनीं दोषी धरलें: छायाचित्र कंपनीचें म्हणून, आणि चेहरे बच्चन दांपत्याचे म्हणून. दांपत्यानें परवानगी दिली होती ती कंपनीला, सराफाला नव्हे.